मागची बाजू: हाँगकाँगमधल्या एका छायाचित्र-लिलावाचं प्रकरण

या प्रकरणातली मालकीण, लिलावगृह आणि दोन्ही कलाकार यांची नावं दिलेली नाहीत. रकमा प्रमाण राखून बदलल्या आहेत. पार्श्वभूमीत ज्या कलाकारांची नावं येतात त्यांचा या व्यवहाराशी संबंध नाही.

पार्श्वभूमी

हाँगकाँगमध्ये लग्न झालेल्या बाईला आडनावापुढे ‘थाई’ लावून हाक मारतात. माझ्या तोंडून ते पहिल्या दिवसापासून ‘ताई’च निघतं, म्हणून इथेही मालकिणीला ताईच म्हणते. ताईंचे यजमान लिफ्ट बसवणारे इंजिनिअर. 1993 ते 1999 ही सहा वर्षं ते कामानिमित्त बीजिंगमध्ये होते. शहरात उंच इमारतींचा धडाका चालू होता आणि लिफ्टवाल्याला कामाची कमतरता नव्हती. संध्याकाळी करायचं काय, या प्रश्नातून त्यांची चार तरुण कलाकारांशी ओळख झाली. त्यांनी बिअर पाजली, कोणाचं थकलेलं भाडं भरलं, कोणाच्या प्रिंट्स विकत घेतल्या, काही भेट म्हणून आल्या. परत आले तेव्हा सामानात 11 छायाचित्रं होती.

त्या काळातल्या बीजिंगबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढची भानगड कळणार नाही. शहराच्या पूर्व कडेला, कचऱ्याच्या ढिगांशेजारी, बाहेरगावच्या मजुरांची वस्ती होती. 1993 च्या सुमारास स्वस्त खोल्या बघून तिथे काही कलाकार राहायला आले आणि न्यूयॉर्कमधल्या वस्तीवरून गावाला ‘ईस्ट व्हिलेज’ म्हणू लागले. झांग ह्वान या कलाकारानं 1994 मध्ये अंगाला मध आणि माशाचं तेल फासलं आणि तिथल्या सार्वजनिक संडासात तो तासभर निश्चल बसला. अंगभर माश्या. त्याच वर्षी जूनमध्ये मा ल्यूमिंग या दुसऱ्या कलाकाराच्या एका प्रयोगानंतर पोलीस आले, धरपकड झाली आणि वस्ती पांगली. असे प्रयोग दाखवायला जागा नव्हती, परवानगी मिळण्याचा प्रश्नच नव्हता, बघायला आलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. मागे उरले ते फोटो. ते काढणारेही शेजारीच राहायचे किंवा येऊन-जाऊन असायचे: रोंग रोंग, शिंग तानवेन.

मग ते चित्र कोणाचं? संडासात बसलेल्याचं, की समोर कॅमेरा धरून उभ्या असलेल्याचं? झांग ह्वानची ही कृती त्याच्या नावावर आहे आणि तिची छायाचित्रं रोंग रोंगच्या ईस्ट व्हिलेज मालिकेतही आहेत. 1994 मध्ये याची कोणाला फिकीर नव्हती, कारण विकत घेणारंच कोणी नव्हतं. बीजिंगमध्ये समकालीन कलेच्या गॅलऱ्या दोन-चार, गिऱ्हाईक म्हणजे वकिलातीतले लोक, परदेशी पत्रकार आणि आमचे लिफ्टवाले.

भाव आले ते दहा वर्षांनी. 2004 मध्ये न्यूयॉर्कच्या इंटरनॅशनल सेंटर ऑफ फोटोग्राफी आणि एशिया सोसायटीनं मिळून चीनमधल्या नव्या छायाचित्रकलेचं मोठं प्रदर्शन भरवलं. मार्च 2006 मध्ये सदबीज या लिलावगृहानं न्यूयॉर्कला समकालीन आशियाई कलेचा लिलाव केला, तो 1 कोटी 30 लाख डॉलरच्या वर गेला. त्यात मुख्य भाव चित्रांचा होता, पण फोटोही त्या लाटेवर चढले. बीजिंगच्या ह्वाचेन लिलावगृहानं त्याच वर्षी फक्त छायाचित्रांचा लिलाव सुरू केला. 2008 च्या ऑक्टोबरमध्ये हाँगकाँगच्या लिलावांत लॉटमागून लॉट (लॉट म्हणजे लिलावाला लावलेली एकेक वस्तू) न विकता परत गेले आणि लाट ओसरली.

ताईंच्या यजमानांनी या सगळ्याची कात्रणं जपून ठेवली होती. विकलं मात्र एकही नाही. 2015 मध्ये ते गेले. 2017 मध्ये ताईंनी मोठा फ्लॅट विकून लहान फ्लॅटमध्ये जायचं ठरवलं. नव्या फ्लॅटमध्ये मोठी तसबीर मावेल अशी एकच भिंत होती. ताबा द्यायची तारीख ठरलेली. मी कलाकृतींची कागदपत्रं लावून देण्याचं काम करते, म्हणून त्यांच्या मुलीनं मला फोन केला.

अडचण

अकरापैकी दोनच प्रिंट्स लिलावगृहाला हव्या होत्या.

पहिली रंगीत, जवळजवळ दीड मीटर रुंद, 1999 ची. सगळा देखावा मांडून, माणसं उभी करून घेतलेलं चित्र. दहाच्या आवृत्तीतली, म्हणजे ठरवून दहाच छापायच्या प्रतींतली, चौथी प्रत, सही आहे, गॅलरीची पावती आहे. कागदोपत्री एकदम चोख.

दुसरी कृष्णधवल, शाळेच्या वहीपेक्षा थोडी मोठी. ईस्ट व्हिलेजमधला एक प्रयोग. पुढे सही नाही, आवृत्ती क्रमांक नाही, पावती नाही. याच निगेटिव्हवरून पुढे मोठ्या, सह्या केलेल्या, क्रमांक घातलेल्या प्रिंट्स निघाल्या आणि त्याच बाजारात फिरतात.

आम्हाला सगळ्यांना वाटलं, पहिली सोपी आणि दुसरी अवघड. झालं नेमकं उलटं.

रंगीत प्रिंट 18 वर्षं दिवाणखान्यात, पश्चिमेच्या खिडकीसमोर होती. मी गेले तेव्हा मला ती थोडी हिरवट वाटली, पण मूळ रंग पाहिलेलाच नसेल तर कळणार कसं? कागदतज्ज्ञ बाईंनी टेबलावर पालथी घालून चौकट उघडली. चौकटीच्या ओठाखाली सेंटीमीटरभराची पट्टी दबून राहिली होती. त्या पट्टीतला लाल आणि मधला लाल यांचा एकमेकांशी संबंध उरला नव्हता. पट्टीत कुंकवाचा, आत विटलेल्या विटेचा. दुसरं दुखणं काचेचं. प्रिंट आणि काच यांत मोकळी जागाच ठेवलेली नव्हती. हाँगकाँगला मार्च-एप्रिलमध्ये दमट वारं सुटतं, भिंतींना अक्षरशः घाम येतो, लिफ्टच्या आरशावर बोटानं नाव लिहिता येतं. अशा अठरा मोसमांत खालचा कोपरा तळहाताएवढ्या जागेत काचेला चिकटून बसला होता. ओढला तर वरचा थरच निघून येणार. कागदतज्ज्ञांनी हात लावला नाही आणि तसं लिहून दिलं.

लहान प्रिंट मात्र दोन वर्तमानपत्रांच्या मध्ये, कपाटात, अंधारात पडलेली. जवळजवळ जशीच्या तशी. तिच्या मागे पेन्सिलीनं दोन ओळी होत्या: यजमानांच्या टोपणनावानं ‘भेट’, खाली छायाचित्रकाराचं नुसतं पहिलं नाव. तारीख नाही. बाजूला एक फोन नंबर आणि ‘निरोप द्या’ अशा अर्थाचा शब्द. वाण्याच्या दुकानातला फोन असावा.

लिलावगृहातल्या तज्ज्ञानं मसुद्यात ही प्रिंट प्रयोग करणाऱ्या कलाकाराच्या नावावर टाकली आणि अंदाज लिहिला 1,50,000 ते 2,00,000 हाँगकाँग डॉलर. सोबत एक अट: कलाकाराच्या स्टुडिओकडून दुजोरा हवा. ताईंनी आकडा वाचला, अट वाचली नाही. खरं सांगायचं तर मीही ती हलक्यात घेतली. दुजोऱ्याची वाट न बघता आम्ही करारावर सह्या केल्या. करारात लॉट मागे घेतल्यास खालच्या अंदाजाच्या 20 टक्के दंड होता.

तीन आठवड्यांनी दोन उत्तरं आली. प्रयोग करणाऱ्याच्या स्टुडिओनं कळवलं, ही प्रत आमच्या नोंदीत नाही, दुजोरा देता येत नाही. मी छायाचित्रकारालाही लिहिलं होतं. त्याचं उत्तर जास्त स्पष्ट होतं: प्रिंट माझी, मीच काढली, मीच दिली, दुसऱ्याच्या नावावर विकायला काढलीत तर हरकत घेईन.

समोरचे पर्याय

एक, प्रयोग करणाऱ्याच्या स्टुडिओच्या मागे लागायचं. ताईंच्या मुलीला हे हवं होतं, कारण मोठा आकडा त्या नावाला होता. पण जी प्रिंट त्यांनी काढलीच नाही, तिला ते आपली का म्हणतील?

दोन, छायाचित्रकाराच्या नावानं विकायची. लिलावगृहाचा नवा अंदाज 50,000 ते 70,000. म्हणजे एका नावाच्या फरकानं आकडा तिसऱ्या हिश्शावर. कागद तोच, चित्र तेच, त्यातला माणूसही तोच.

तीन, बीजिंगला पाठवायची. तिथे छायाचित्रांचे स्वतंत्र लिलाव आहेत, गिऱ्हाईक जाणकार आहे. पण मुख्य भूमीवर न्यायची म्हणजे कस्टम्सची कागदपत्रं आणि कर, हाँगकाँगमध्ये कलाकृतींवर विक्रीकर नाही. शिवाय चीनच्या लिलाव कायद्यात लिलावगृहानं ‘खरेपणाची हमी देत नाही’ असं आधी जाहीर केलं की त्याची जबाबदारी संपते. त्यामुळे तिथला सावध खरेदीदार बिनसहीच्या वस्तूला बिचकतो.

चार, संग्रहालय. मला मनापासून हा पर्याय आवडत होता. एम प्लस संग्रहालयाची इमारत तेव्हा पश्चिम काउलूनमध्ये उभी राहत होती आणि 2012 मध्ये स्विस संग्राहक उली सिग यांनी दिलेल्या 1,463 कलाकृतींमुळे या काळाचा मोठा संग्रह तिथे आधीच होता. पण संग्रहालयाची खरेदी म्हणजे समित्या आणि महिनेच्या महिने. ताईंच्या हातात चौदा आठवडे होते.

रंगीत प्रिंटसाठी वेगळाच पर्याय पुढे आला. कलाकाराच्या स्टुडिओनं सांगितलं, जुनी प्रत परत करा, ती आम्ही तुमच्यासमोर कापून नष्ट करू आणि त्याच क्रमांकाची, 4/10, नवी छापून देऊ; छपाईचा खर्च तुमचा. बाहेरच्याला हे विचित्र वाटेल, पण रंगीत छायाचित्रांच्या व्यवहारात असं चालतं. रंग उडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि आवृत्ती दहाची ती दहाचीच राहिली म्हणजे झालं. मात्र कॅटलॉगमध्ये ‘1999, छपाई 2017’ असं लिहावं लागतं आणि काही संग्राहक अशा प्रतीला कमी लेखतात.

माझा सल्ला नवी छापून घेण्याचा होता. ताईंनी तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, “ह्यांनी जिच्यासमोर बसून चहा घेतला ती ही. ती कापायची?” त्यावर मी काय बोलणार.

काय केलं

लहान प्रिंटसाठी दुसरा पर्याय घेतला. आता गोष्ट अडली तारखेवर. छायाचित्रकार म्हणत होता, 1994 च्या अखेरीस काढलेली प्रिंट आहे. लिलावगृहाला ‘त्याच काळात छापलेली’ असं लिहायचं तर पुरावा हवा होता, आणि कलाकाराची आठवण हा पुरावा ते पुरेसा मानत नव्हते. कागदावरून तारीख पक्की होत नाही. फोटोच्या कागदाचा जुना खोका कोणीही दहा वर्षं ठेवून वापरू शकतो.

मी मागची बाजू स्कॅन करून मोठी करून बघत होते. फोन नंबर मोजला. सात आकडे. पुन्हा मोजला. बीजिंगचे नंबर आठ आकडी आहेत आणि सगळे बदलले ते 1996 च्या मे महिन्यात. त्यानंतर सात आकडी नंबर लिहून कोण देईल? अक्षर त्याच हाताचं, पेन्सिल तीच, ओळी एका दमात लिहिलेल्या. म्हणजे प्रिंट मे 1996 च्या आधीची. 1994 सिद्ध झालं नाही, पण ‘1990 च्या दशकाच्या मध्यात छापलेली’ असं लिहायला लिलावगृह राजी झालं. या एका वाक्यानं बिनक्रमांकाची, अनाथ दिसणारी प्रिंट नंतरच्या मोठ्या प्रिंट्सच्या आधीची ठरली. छायाचित्रकारानं सहीचं पत्रही दिलं: प्रिंट माझी, आवृत्तीबाहेरची, भेट दिलेली. ‘आवृत्तीबाहेरची’ हा शब्द लपवावा असं मुलीनं सुचवलं. मी नाही म्हटलं. तो लपवला असता आणि नंतर बाहेर आला असता, तर विक्रीच रद्द झाली असती.

रंगीत प्रिंट जशी आहे तशी गेली. कंडिशन रिपोर्टमध्ये, म्हणजे वस्तूच्या अवस्थेच्या अहवालात, रंग उतरल्याचं आणि काचेला चिकटल्याचं स्वच्छ लिहिलेलं. वाद झाला राखीव किमतीवर, म्हणजे ज्याखाली विकायचं नाही त्या आकड्यावर. अंदाज 80,000 ते 1,20,000 होता. राखीव किंमत 50,000 ठेवा, असं मी सांगत होते. ताईंनी यजमानांच्या फायलीतून 2008 च्या वसंतातलं कात्रण काढलं. याच आवृत्तीतली दुसरी प्रत तेव्हा याच्या चौपटीला गेली होती. त्या कात्रणापुढे माझं काही चाललं नाही. राखीव किंमत 80,000 राहिली.

निकाल

लिलाव वान चायच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये, दिवसाच्या सत्रात. ताई आणि मी मागून तिसऱ्या रांगेत. रंगीत प्रिंट आधी आली. लिलाव पुकारणाऱ्यानं 45,000 ला सुरुवात केली, पन्नास, पंचावन्न, साठ, पासष्ट, सत्तर. सत्तरला ताईंनी माझा हात दाबला. त्यांना वाटलं बोली चढतेय. मी मागे वळून बघितलं. तो बघत होता त्या दिशेला भिंत होती. राखीव किमतीपर्यंत मालकाच्या वतीनं पुकारणारा स्वतःच बोली चढवू शकतो, ते नियमात बसतं आणि कॅटलॉगच्या शेवटी बारीक अक्षरात छापलेलंही असतं. पंचाहत्तरला तो क्षणभर थांबला, ‘पास’, म्हणजे विकली नाही, म्हणाला आणि पुढच्या लॉटकडे वळला. मिनिटभरही लागलं नाही. खऱ्या बोल्या किती होत्या? माझ्या मते एकही नाही.

हे मी ताईंना आधी सांगायला हवं होतं. त्यांनी हॉलमध्ये जे काही क्षण आशेत काढले, ते माझ्या आळसाचे.

लहान प्रिंटवर फोनवरचा एक आणि हॉलमधला एक असे दोघे भिडले. हातोडा पडला 90,000 ला, वरच्या अंदाजापेक्षा वीस हजार जास्त. खरेदीदारानं 25 टक्के प्रीमियम, म्हणजे लिलावगृहाचं वरचं शुल्क, धरून 1,12,500 मोजले. ताईंच्या बाजूला 10 टक्के कमिशनचे 9,000, विम्याचे 1,350 आणि कॅटलॉगमधल्या फोटोचे 1,500 वजा झाले, हातात 78,150 आले. कागदतज्ज्ञांचे 6,000 द्यायचे होते. उरले 72,150. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून निघालेल्या पैशांतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग वाटेतच गेला. लिलावाच्या बातमीत मात्र छापून येतो तो प्रीमियमसकटचा आकडा, आणि घरोघरी कात्रणं जपली जातात ती त्याच आकड्याची.

दुसऱ्या दिवशी रंगीत प्रिंटसाठी लिलावगृहामार्फत 45,000 चा देकार आला. ताईंनी नाकारला. न विकलेला लॉट ऑनलाइन भावसूचीत ‘विकला गेला नाही’ या शेऱ्यासकट वर्षानुवर्षं दिसत राहतो, तेव्हा पुढचा देकार याहून कमीच असेल, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, “मग नको विकायला.” आणि नव्या फ्लॅटमधल्या त्या एकमेव भिंतीवर त्यांनी ती लावली. खिडकी उत्तरेची आहे, एवढं मी आधी बघून आले.

आज केलं असतं तर

छायाचित्रकाराला पत्र पहिलं गेलं असतं, लिलावगृहाला नंतर. त्याची हरकत कराराच्या आधी कळली असती तर दीड लाखाचा आकडा ताईंच्या कानावर पडलाच नसता, आणि 90,000 ला हातोडा पडल्यावर त्यांचा चेहरा तसा उतरला नसता. अपेक्षेच्या वर विकली गेलेली वस्तू त्यांना आजही तोट्यात गेलेली वाटते. करारात ‘लेखकत्व निश्चित होईपर्यंत दंड लागू नाही’ एवढं वाक्यही घालून घेता आलं असतं. मागितलंच नाही.

दोन्ही प्रिंट्स एकाच सत्रात द्यायची गरज नव्हती. फ्लॅटच्या तारखेचा धाक होता, पण महिन्याच्या भाड्यावर वातानुकूलित गोदाम मिळतं. तसं ठेवलं असतं तर लहान प्रिंट संग्रहालयाला विचारता आली असती. पैसे कदाचित एवढेच मिळाले असते, पण चौदा आठवड्यांची घाई आम्ही स्वतःच अंगावर ओढून घेतली.

रंगीत प्रिंट विकायचीच असती तर स्टुडिओचा प्रस्ताव घेणं पैशाच्या हिशेबात बरोबर होतं, असं मला अजून वाटतं. विकायची नव्हती, हे ताईंना हॉलमधून बाहेर पडल्यावर कळलं. त्यांच्या मुलीला ते बहुधा आधीच माहीत होतं.

आणखी एक चूक माझी. यजमान हयात असताना त्यांना कोणी विचारलं नव्हतं, हे खरं. पण त्यांच्याबरोबर बीजिंगला काम करणारे दोन सहकारी 2017 मध्ये हाँगकाँगमध्येच होते. कोणती प्रिंट कोणी, कुठल्या जेवणाच्या रात्री दिली, हे त्यांना विचारून लिहून घ्यायला हवं होतं. मी फोन केला तो लिलावानंतर. एकानं दोन प्रिंट्सची गोष्ट लगेच सांगितली, तारखेसकट. दुसरे तोवर व्हँकुव्हरला मुलाकडे निघून गेले होते.

उरलेल्या नऊ प्रिंट्स आता आम्लविरहित कागदात, आडव्या, एका पेटीत आहेत. सगळ्यांच्या मागच्या बाजू मी स्कॅन करून घेतल्या. चार कोऱ्या. तिघींवर नुसती नावं. एकीवर बिअरच्या ग्लासाचा गोल डाग. आणि एकीवर पुन्हा एक नंबर, या वेळी आठ आकडी, पुढे पेजरच्या केंद्राचं नाव. व्हँकुव्हरच्या पत्त्यावर मी तिचा फोटो पाठवला आहे.